कॅमेरा नंतर घे, आधी शॉट डिव्हिजन कर

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणींनी एक लघुपट करायला घेतला. दोन बहिणी आईवडिलांचं जुनं घर रिकामं करायला येतात आणि एक बंद पडलेला रेडिओ कोणी न्यायचा यावरून त्यांचं बिनसतं, एवढीच गोष्ट. पटकथा ८ पानांची. दोन दिवस शूटिंग केलं, ४ तासांचं फुटेज जमलं. पण एडिटला बसले आणि काहीच जुळेना. संवाद नीट ऐकू येत नाहीत, एकाच सीनमध्ये मधेच ऊन आहे, मधेच नाही. तीन महिने सगळं तसंच पडून आहे. फोनवर शूट केल्यामुळे असं झालं असेल का? बाबा कॅमेऱ्यासाठी पैसे द्यायला तयार आहेत, पण म्हणतात, एकदाच देईन, आणि यातून पोट भरणार का ते आधी सांग. मला स्वतंत्र व्हिडिओग्राफर व्हायचं आहे. कॉलेज सोडून पूर्ण वेळ यातच उतरू का?

उत्तर : कॉलेज सोडू नकोस आणि कॅमेरा आत्ता घेऊ नकोस. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शॉट जुळत नाहीत, आवाज ऐकू येत नाही, ऊन बदलतं. यातली एकही अडचण महागड्या कॅमेऱ्याने सुटली नसती. ऊन त्यालाही तसंच दिसलं असतं. तुमचं जे चुकलं ते शूटिंगच्या आदल्या आठवड्यात चुकलं. हे मी तुला नाउमेद करायला लिहीत नाही. उलट, कामाचा तो भाग शिकायला पैसे लागत नाहीत आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा खरा हुन्नर तिथेच असतो. मोठ्या चित्रपटात दिग्दर्शकाच्या मागे शेड्यूल करणारा, कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत सगळं जुळतं का ते बघणारा, आवाज घेणारा अशी वेगवेगळी माणसं उभी असतात. एकट्याने किंवा चौघींनी काम करताना ती सगळी डोकी कागदावर उतरवावी लागतात.

आता तुझ्या रेडिओकडे येऊ. गोष्ट चांगली आहे, मला मनापासून आवडली. एक घर, दोन माणसं आणि त्यांच्यामधली एक वस्तू. पहिल्या लघुपटाला याहून जास्त काही नको. पण मला सांग, या फिल्ममधला असा कोणता शॉट आहे, जो नसेल तर फिल्मच उरणार नाही? माझ्या मते धाकटी बहीण रेडिओचं बटण फिरवते आणि आवाज येणार नाही हे माहीत असूनही थोरली ऐकत राहते, तो. तुझा वेगळा असेल. जो असेल तो कागदावर सगळ्यात आधी लिही. बाकीचे शॉट त्याच्याकडे घेऊन जातात की नाही, हे तपासत यादी कर. यालाच शॉट डिव्हिजन म्हणतात, आणि ही यादी सेटवर उभं राहून करायची नसते.

यादी म्हणजे नुसतं ‘थोरलीचा क्लोजअप’ असं लिहिणं नव्हे. कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत, कॅमेरा कुठे, ती कुणीकडे बघते आणि हा शॉट कशासाठी. शेवटच्या रकान्यात काही सुचलं नाही तर तो शॉट काढून टाक. ८ पानांची पटकथा म्हणजे ढोबळमानाने ८ मिनिटांची फिल्म. त्यासाठी ४ तासांचं फुटेज म्हणजे एका मिनिटामागे ३० मिनिटं. डिजिटलमध्ये हे प्रमाण पाप नाही, पण माझा अंदाज सांगतो : त्या ४ तासांत एकाच संवादाचे दहा-दहा टेक, म्हणजे तोच शॉट पुन्हा पुन्हा घेतलेला, असतील आणि रेडिओच्या बटणावरचा हात एकदाही नसेल. हाताचे, वस्तूंचे, रिकाम्या कपाटाचे असे छोटे इन्सर्ट शॉट शूटिंगच्या वेळी फालतू वाटतात. एडिटला बसलं की तेच वाचवतात, कारण दोन न जुळणाऱ्या टेकमध्ये सांधा तिथेच लपतो.

शॉट न जुळण्याचं आणखी एक कारण म्हणजे अ‍ॅक्सिस. दोघी समोरासमोर बसल्या की त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असं समज आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, म्हणजे १८० अंशांच्या अर्धवर्तुळात ठेव. रेषा ओलांडलीस की पडद्यावर दोघी एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. खोलीचा वरून दिसतो तसा नकाशा काढ, त्यात दोन गोल आणि एक रेषा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग वेळेचा हिशोब. दिवसाचे १० तास धर. त्यातले मांडामांड, जेवण आणि आवराआवरीचे दोन गेले. उरलेल्या ८ तासांत कॅमेऱ्याची जागा बदलणं, प्रकाश नीट करणं, तालीम आणि दोन-चार टेक यांना मिळून प्रत्येक शॉटला अर्धा तास लागतो. म्हणजे दिवसाला १६ शॉट. नवख्या टीमने १२ ठरवावेत, असं मी सांगेन. तुझ्या यादीत ४० शॉट असतील, तर दोन दिवसांत ते होणार नव्हते, हे शूटिंगआधीच दिसलं असतं. मग एक तर शॉट कमी करायचे किंवा दिवस वाढवायचे. घाईत केलेला चाळिसावा शॉट कुणाच्या उपयोगाचा नसतो.

आता ऊन. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी भिंतीवर पडलेला खिडकीचा कवडसा दुपारपर्यंत जमिनीवर उतरतो किंवा नाहीसा होतो. तू सीन पटकथेच्या क्रमाने शूट केला असणार. पहिली ओळ सकाळची आणि शेवटची संध्याकाळची, पण गोष्टीत मात्र पाचच मिनिटं झालेली. म्हणून शूटिंगचा क्रम गोष्टीने ठरवायचा नाही, प्रकाशाने ठरवायचा. ज्या शॉटमध्ये खिडकी किंवा कवडसा दिसतो ते सगळे एका दमात, दिवसाच्या एकाच वेळी उरकायचे. क्लोजअप नंतर, खिडकीवर पांढरा पडदा लावून, कारण त्यात ऊन दिसत नाही आणि मऊ प्रकाश तासन् तास सांभाळता येतो. त्यासाठी जागेची रेकी, म्हणजे आधी जाऊन करायची पाहणी, शूटिंग ज्या वेळी करायचं त्याच वेळी करावी. सकाळी जागा बघून दुपारी शूट केलंस तर तू जागा पाहिलेलीच नाहीस. आणि रेकीला गेलीस की दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहा. पंखा, फ्रिज, शेजारचं बांधकाम, रस्ता, जे काही असेल ते ऐक.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बहुतेक पहिल्या फिल्म इथेच पडतात. चित्र थोडं दाणेदार असलं तरी प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही तर तो उठतो. मोकळ्या जागेत माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आजूबाजूची गजबज मात्र तेवढीच राहते. तुमचा फोन दोघींपासून तीन मीटरवर असेल, तर त्याने बहिणींपेक्षा खोलीच जास्त ऐकली. उपाय साधा आहे. दुसरा फोन रेकॉर्डिंग सुरू करून बोलणारीच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर ठेव : टेबलावर फडक्याखाली, पुस्तकामागे, वरच्या खिशात. जमलं तर साधा कॉलर माइक घे. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव आणि शॉटचा नंबर मोठ्याने म्हण. एडिटमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र येतात. लेव्हल बघता येत असेल तर बोलण्याचे सगळ्यात मोठे आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, म्हणजे कुणी अचानक ओरडलं तरी आवाज फाटणार नाही. आणि जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड कर. या रूम टोनशिवाय संवादांचे तुकडे जोडलेस तर प्रत्येक सांध्यावर आवाज दचकतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंगचं थोडक्यात. फोनचं ऑटो बंद करणारं एखादं अ‍ॅप घे. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, एकच ठरव, २४ किंवा २५, आणि संपूर्ण फिल्मभर तोच ठेव. शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ, त्याच्या साधारण दुप्पट आकड्यावर, म्हणजे १/५० सेकंद. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे दिव्यांचं लुकलुकणंही त्याने बहुधा टळतं. ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक कर, नाहीतर कुणी खिडकीसमोरून गेलं की फ्रेम उगाच उजळते-मंदावते. एवढं पुरे.

फुटेज सांभाळण्याबद्दल मात्र बजावून सांगतो. मी समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं एकट्याने कॅमेरा घेऊन कामं केली. एकदा दिवसभराच्या मुलाखती घेऊन आलो, कॉपी झाली आहे असं समजून कार्ड फॉर्मॅट केलं आणि फोल्डर उघडून पाहिलं तर त्यात अर्ध्याच फाइल होत्या. त्या मुलाखती देणाऱ्यांतल्या एका आजोबांना पुन्हा बोलवणं शक्यच झालं नाही. तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि फाइल उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा नियम मी मोडलेला नाही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात. तुझ्या ४ तासांचे १८० झाले असते. ही जागा शूटिंगच्या आधी मोजायची.

आता बाबांचा प्रश्न. तो अगदी योग्य आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. लघुपटाने थेट पोट भरणारी माणसं फार थोडी असतात. स्वतंत्र व्हिडिओग्राफरची कमाई दुसऱ्यांच्या कामातून होते. संस्थांच्या माहितीफिती, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, मुलाखती, समारंभ, छोट्या व्यावसायिकांच्या जाहिराती. लघुपट हे त्या कामासाठी तुझं ओळखपत्र असतं आणि तुझ्या मनाची भूकही. ग्राहक पैसे देतो ते ठरल्या दिवशी पूर्ण झालेली फिल्म हातात पडावी म्हणून. ज्या मुलीने एक ८ मिनिटांची फिल्म शेवटपर्यंत नेली आहे, तिच्यावर तो भरवसा ठेवू शकतो. अर्धवट पडलेल्या ४ तासांवर नाही.

आणि या धंद्यात तोंडी काही ठरवायचं नाही. किती दिवस शूट, किती मिनिटांची फिल्म, किती वेळा बदल करून मिळतील (मी दोनदा म्हणायचो), मूळ फुटेज कुणाचं, आगाऊ रक्कम किती, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. भाव सांगताना फक्त शूटिंगचा दिवस मोजणारी मुलं वर्षभरात थकून जातात, कारण एका दिवसाच्या शूटिंगमागे नियोजनाचा एक आणि एडिटचे दोन-तीन दिवस असतात. संगीत हक्क घेऊनच वापरायचं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं, फुकट मिळतं, पण त्यात ‘अव्यावसायिक’ अशी अट असेल तर पैशाच्या कामाला ते चालत नाही. फिल्ममध्ये ओळखू येणाऱ्या माणसांची आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी आपल्याकडे असू दे. महोत्सवाला फिल्म पाठवताना ती मागू शकतात.

बाबांना असं सांग : पदवी पूर्ण होईपर्यंत कॅमेरा मागणार नाही, त्या वेळात आणखी तीन फिल्म पूर्ण करून दाखवीन. एकही ५ मिनिटांपेक्षा मोठी नाही. (ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत लघुपट धरतात, म्हणून अनेक नवखे २५ मिनिटांचं काहीतरी लिहून बसतात. तू तसं करू नकोस.) त्यांतली एक कुणा दुसऱ्यासाठी, थोडे का होईना पैसे घेऊन. तिसरी फिल्म होईपर्यंत आपल्याला नेमकं काय कमी पडतं, हे तुला स्वतःलाच कळलेलं असेल. कदाचित लेन्स असेल, कदाचित माइक असेल. माझ्या माहितीतल्या बहुतेकांना आधी माइक आणि भक्कम ट्रायपॉड लागला. एकदाच मिळणारे पैसे त्या दिवसासाठी राखून ठेव.

फिल्म स्कूलबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. तो निर्णयही तीन फिल्म झाल्यावर घे. प्रवेशाच्या वेळी दाखवायला त्याच उपयोगी पडतील.

राहिला तो रेडिओ. नव्याने शूट करण्याआधी जुन्या ४ तासांसमोर दोन संध्याकाळी वही घेऊन बस. प्रत्येक टेकचा नंबर, त्यात काय वापरण्याजोगं आहे आणि ऊन आहे की नाही, एवढं लिही. मग पटकथेवर पेन्सिलने रेघा ओढ, कोणत्या ओळीचा चांगला टेक हाताशी आहे ते कळेल. जिथे रेघ नाही तेवढ्याच शॉटची नवी यादी कर. ती बारापेक्षा कमी निघाली तर तुझी फिल्म एका दिवसावर आहे. संवादांसाठी दोघींना एका बंद खोलीत बसवून, पडदे लावून, फोन तोंडाजवळ धरून आवाज पुन्हा घेता येईल. जिथे ओठ स्पष्ट दिसत नाहीत तिथे तो सहज बसेल. ती यादी आणि खोलीचा नकाशा मला पाठव. शूटिंगची तारीख ठरवण्याआधी पाठव.