स्क्रिप्ट चालू आहे की अडकली, हे कळणार कसं?

तुमचा प्रश्न असा: निपाणीच्या तंबाखू वखारीच्या ४०,००० पावत्या वाचणारी पायथन स्क्रिप्ट तासभर गप्प बसते आणि मालक मागे उभे राहून "बंद पडली काय हो?" विचारतात. मग त्यांना दाखवायचं काय?

एकूण आकडा माहीत आहे ना, मग टीक्यूडीएम (tqdm) ही काम किती झालं याची पट्टी दाखवणारी लायब्ररी घ्या आणि लूप ज्या यादीवर फिरतोय तिलाच त्यात गुंडाळा. एका ओळीचं काम. टक्केवारी, वेग, उरलेला वेळ, सगळं आपोआप दिसतं. यादीऐवजी जनरेटर (एकेक नग देणारा, एकूण किती ते आधी न सांगणारा) असेल तर एकूण संख्या स्वतः द्यावी लागते, नाहीतर नुसती मोजणी पळते. ही पट्टी एरर आउटपुटवर (stderr, म्हणजे निकालापेक्षा वेगळ्या वाटेने) छापली जाते, त्यामुळे निकाल फाइलमध्ये वळवला तरी त्यात कचरा येत नाही.

लायब्ररी नको असेल तर प्रिंटच्या सुरुवातीला कॅरेज रिटर्न (\r, त्याने कर्सर त्याच ओळीच्या सुरुवातीला परततो) द्या, शेवटची नवी ओळ काढा (end="") आणि फ्लश चालू ठेवा (flush=True), म्हणजे मजकूर लगेच पडद्यावर जातो. फ्लश विसरलात की मजकूर बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतो, पडदा कोरा तो कोराच. खानापूरच्या एका दुकानाचं बिलिंग करताना मी यातच अर्धा दिवस घालवलाय! आणि दर पावतीला छापू नका बघा, शंभर पावत्यांनी एकदा पुरे. टर्मिनलवर लिहायलाही वेळ जातो.

उरलेल्या वेळेवर मात्र मालकांना शब्द देऊ नका. तो आतापर्यंतच्या वेगावरून काढलेला अंदाज असतो. पुढचा गठ्ठा जड फाइलींचा निघाला की दहा मिनिटांची चाळीस होतात.