समितीवर नवा आहेस म्हणून सांगतो

आपल्या गोव्यातल्या देवस्थानच्या समितीवर पहिल्यांदाच आलास, तेव्हा एक गोष्ट कानावर घालतो. मानकऱ्याचा मान आणि कारभाऱ्याचा अधिकार यांची गल्लत करू नकोस. पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, हे परंपरेनं ठरलेलं. तिथं माणूस शहाणा की खुळा हे कोणी विचारत नाही, विचारूही नये. पण १९३३च्या, पोर्तुगीज काळातल्या माझानी कायद्यानुसार, म्हणजे देवस्थानांच्या कारभाराच्या कायद्यानुसार, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार ही पदं महाजन, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद, मतं देऊन भरतात. तिथं पारख हवीच.

मुखत्याराचंच घे. कोर्टकचेरीत देवस्थानची बाजू तो सांभाळतो. त्या जागी नुसता मोठ्या आवाजाचा माणूस बसला, की कुळाच्या खटल्याची तारीख चुकते आणि तसं तोंडावर सांगायची कोणाची छाती होत नाही. कारण जत्रेच्या नाटकाआधी रंगमंचावर बोलावून आपणच त्याला शाल-श्रीफळ दिलेलं असतं. माकडाच्या हाती कोलीत द्यायचं, वर टाळ्याही वाजवायच्या!

पावणीत, म्हणजे देवळातल्या लिलावात, चढी बोली लावणारा बहुतेकदा श्रद्धेनं लावतो. त्याला हिशेब कळतो असा अर्थ काढू नकोस. पुढच्या बैठकीत कीर्द मागून बघ. कोण वही पुढं सरकवतो आणि कोण "माझ्यावर विश्वास नाही काय?" म्हणून उसळतो, ते लक्षात ठेव. उसळणाऱ्याला खुर्ची दे, प्रसाद आधी दे. चेकवरची सही नको, सख्खा मेव्हणा असला तरी. आणि इतिवृत्तावर सह्या त्याच दिवशी घे. देवस्थानावर देखरेख मामलेदारांची, उद्या त्यांनी विचारलं तर तेच दाखवायचं असतं.