मासे अंग घासतायत? आधी पाणी बघ

भावा, घरच्या काचेच्या टाकीतले मासे अंग घासायला लागले तरी औषधाची बाटली उघडायची घाई करू नकोस. एखादा मासा दिवसातून एकदा दगडाला अंग घासून गेला तर काळजी नाही. पण सगळेच घासायला लागले, तेही पाणी बदलल्यावर लगेच, तर संशय पाण्यावर घे. सांगलीत नळाला येणारं कृष्णेचं पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं, त्यानं कल्ले चुरचुरतात. अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घातल्याशिवाय ते टाकीत ओतू नकोस. अमोनियाही (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) तपास, तो शून्यच हवा. नव्या टाकीत बहुतेक वेळा दुखणं इथंच असतं. पाव टाकी पाणी बदल आणि खाणं कमी कर.

पाणी चांगलं असूनही घासणं थांबत नसेल, तर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके शोध. हा इक नावाचा रोग. त्याचा परजीवी कातडीखाली असताना औषध त्याला लागत नाही, पाण्यात सुटल्यावरच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध मध्येच सोडू नकोस. त्या काळात फिल्टरमधला कार्बन काढ, नाहीतर तो औषध शोषून घेतो; हवेचा पंप चालू ठेव.

ठिपके नाहीत पण एक कल्ला मिटलेला, श्वास जोरात? मग कल्ल्यांतले कृमी असू शकतात; त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध चालतं.