वाचकांचे प्रश्न : जपान अणुभट्ट्या परत चालू करतोय, मग आपण का घाबरायचं?

प्रश्न : आमचं गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरचं अणुकेंद्र जिथे व्हायचंय त्या माडबनच्या जवळच, धंदा मासेमारीचा. २०११ च्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानने सगळ्या अणुभट्ट्या बंद केल्या असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. आता मुलगा मोबाईलवर बातमी दाखवतो की परत चालू झाल्या, एवढे भूकंप होऊन पण ते घाबरत नाहीत, मग जैतापूरला तुमचा विरोध कशाला? त्याला काय सांगू ताई?

उत्तर : दादा, बातमी खरी आहे. २०१५ ला सेंदाई अणुकेंद्रापासून सुरुवात झाली, २०२४ च्या शेवटी ओनागावा केंद्राची पण एक भट्टी चालू झाली. जपानकडे स्वतःचं तेल-गॅस नसल्यासारखंच, सगळं जहाजाने विकत आणायचं, त्यामुळे त्यांची अडचण खरीच आहे. पण ते घाबरत नाहीत हे काही पटत नाही. मधे जवळजवळ दोन वर्षं देशात एकही भट्टी चालू नव्हती, २०१२ मध्ये तपासणीसाठी नवीन संस्था काढली, आणि त्याच संस्थेने २०२४ मध्ये त्सुरुगा केंद्राच्या एका भट्टीला सरळ नाही म्हटलं, कारण खाली जिवंत भेग, म्हणजे पुन्हा सरकून भूकंप करू शकणारी जमिनीतली भेग, असू शकते.

त्सुनामीच्या लाटेपासून वाचवणाऱ्या उंचीचा मुद्दा मात्र मुलाच्या बाजूने जातो, तो मान्य करा. २०११ च्या भूकंपकेंद्राला ओनागावा फुकुशिमापेक्षा जवळ, पण ते उंचावर बांधलेलं म्हणून वाचलं, आसपासचे लोक तर तिथेच आसऱ्याला गेले. माडबनचा सडाही उंच आहे.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. १ जानेवारी २०२४ ला नोटो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला. तिथलं शिका केंद्र २०११ पासून बंदच होतं, तरी ट्रान्सफॉर्मर बिघडून तेल सांडलं. पण त्याहून वाईट म्हणजे रस्ते तुटले, गावंच्या गावं अडकून पडली, समुद्राचा तळ वर उचलला जाऊन मासेमारीची बंदरं कोरडी पडली. कागदावरचा प्लॅन असा की जवळच्यांनी निघून जायचं आणि लांबच्यांनी घरात दारं-खिडक्या लावून बसायचं, आता घरच पडलं तर बसायचं कुठे? आणि हे मुलाला नक्की सांगा, की त्याच नोटोच्या सुझू गावात अणुकेंद्र होणार होतं, लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि २००३ मध्ये कंपन्यांनी ते गुंडाळलं. २०२४ च्या भूकंपाचं केंद्र सुझूच्याच हद्दीत होतं.

आता आपल्याकडे बघा. जैतापूरला १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या म्हणतायत. कोयनेचा १९६७ चा भूकंप जुन्या माणसांना अजून आठवतो. पावसाळ्यात घाटात दरड आली की कोल्हापूरकडे जायचं कसं, खाडीपलीकडच्या वाड्यांना होडीशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि उधाणात होडी कोण काढणार? जपानसारख्या देशाला जे रस्ते टिकवता आले नाहीत ते आपल्याला टिकवता येतील असं मला तरी वाटत नाही, आणि म्हणून तुमचा विरोध मला रास्त वाटतो. ग्रामसभेत भर जुलैमधला बाहेर पडायचा प्लॅन मागा, वाडीवार, लेखी.

प्रश्न : मी डहाणूला कॉलेजात आहे. भूकंप झाला की भट्टी आपोआप बंद होते ना, मग धोका कसला?

उत्तर : फुकुशिमात पण आपोआपच बंद झाल्या होत्या गं. पण बंद केल्यावरही आतलं इंधन तापतच राहतं. १००० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता साधारण ३००० मेगावॅटची असते, बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते म्हणजे जवळपास २०० मेगावॅट, ती हळूहळू कमी होते पण पाणी फिरवत राहावंच लागतं आणि पंपांना वीज लागते. तिथे भूकंपाने बाहेरची वीज गेली, मग सुमारे पाऊण तासाने १४-१५ मीटरची लाट आली आणि खाली ठेवलेले बहुतेक जनरेटर बुडाले. तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं ते यामुळे. तुमच्या डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के बसतायत आणि तारापूरचं अणुकेंद्र जवळच आहे, त्यामुळे तिथले जनरेटर किती उंचीवर आहेत आणि बाहेरची वीज नसताना किती दिवस पुरतील, एवढं माहितीच्या अधिकारात विचारून बघ.