डोळ्यांवर पट्टी, फुटाळ्याच्या काठी

प्रश्न : ताई, रविवारी नागपुरात फुटाळा तलावावर डोळ्यांवर पट्टी बांधून, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे, हात मिळवा’ अशी पाटी घेऊन उभं राहायचंय. आई घाबरते.
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : उभी राहा की! पण दोन मैत्रिणी गर्दीत हव्यातच. १९७४ साली नेपल्समध्ये मरिना अब्रामोविच ही कलाकार एका कलाप्रयोगात सहा तास निमूट उभी होती. टेबलावर गुलाबापासून पिस्तुलापर्यंत ७२ वस्तू, लोकांनी तिच्यावर हव्या तशा वापरायच्या. लोकांनी तिचे कपडे कापले, पिस्तूलही रोखलं. आई उगाच घाबरत नाही.

मी कॉलेजात असताना सीताबर्डीवर भर दुपारी उभी राहिले होते (वेळ चुकलीच). बराच वेळ नुसती कुजबुज. मग कुणा बाईनं तळहातावर संत्रं ठेवलं. “पोरी, ऊन लागन ना वं!” चेहरा काही दिसला नाही. हाताला संध्याकाळपर्यंत सालीचा वास होता.