‘संकल्पचित्र’ की ‘संकल्पनाचित्र’?

धुळ्याच्या एका चित्रकला-शिक्षिकेने विचारले आहे, की अ‍ॅनिमेशनपट घडण्याआधी काढल्या जाणाऱ्या ‘कन्सेप्ट आर्ट’ला मराठीत ‘संकल्पचित्र’ म्हणावे काय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या त्यांच्या वडिलांना त्या शब्दाने धरणाचा नकाशाच आठवतो.

वडिलांची हरकत मला रास्त वाटते. नाशिकला जलसंपदा विभागाची ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ आहे, आणि तिच्या नावातला ‘संकल्प’ हा ‘अर्थसंकल्पा’तल्यासारखा, म्हणजे हिशेब करून निश्चित केलेली योजना या अर्थाचा आहे. अशा चित्रात भिंत जेवढ्या उंचीची दाखवली असेल तेवढीच ती बांधायची असते.

अ‍ॅनिमेशनपटातील या चित्रांचे काम याच्या अगदी उलट आहे. काहीच ठरलेले नसताना, ठरवण्यासाठी ती काढली जातात. रावेरकडच्या केळीच्या बागेत घडणारा प्रसंग भर उन्हातला असावा की पावसाने काळवंडलेल्या दुपारचा, हे कळावे म्हणून चित्रकार तीच बाग दहा वेळा रंगवतो आणि त्यांतली नऊ चित्रे बाजूला पडतात. अमेरिकन चित्रकार मेरी ब्लेअर यांनी डिस्नेच्या ‘सिंड्रेला’ (१९५०), ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ (१९५१) आणि ‘पीटर पॅन’ (१९५३) या चित्रपटांसाठी अशी चित्रे केली. सपाट आकारांची आणि धीट रंगांची ती चित्रे जशीच्या तशी पडद्यावर आली नाहीत, तरी चित्रपटांची रंगसंगती आणि भाववृत्ती त्यांतून घडली. मला तर ती चित्रे अंतिम चित्रपटांइतकीच मोलाची वाटतात.

म्हणून ‘संकल्पनाचित्र’ हा शब्द घ्यावा, असे माझे मत आहे. ‘संकल्पना’ या शब्दात मनातल्या मांडणीचा अर्थ आहे, निश्चयाचा नाही. ‘कल्पनाचित्र’ हा शब्द जुना आणि गोड असला, तरी दूरच्या ग्रहासारख्या न पाहिलेल्या वस्तूच्या चित्रासाठी तो रुळला आहे. ‘संकल्पना कला’ मात्र कटाक्षाने टाळावे, कारण १९६०च्या दशकात पुढे आलेल्या, वस्तूपेक्षा विचाराला महत्त्व देणाऱ्या ‘कन्सेप्च्युअल आर्ट’ या वेगळ्याच कलाप्रवाहाशी त्याचा घोटाळा होतो. शिवाय इंग्रजीत एकाच शब्दाने चित्रेही कळतात आणि ती काढण्याचे कामही. मराठीत सुट्या चित्रांना ‘संकल्पनाचित्रे’ आणि कामाला ‘संकल्पनाचित्रण’ असे वेगळे करता येते, आणि ते करावे.

‘संकल्पचित्र’ हा शब्दही या क्षेत्रात अगदीच निरुपयोगी नाही. पात्राचे रूप पक्के झाल्यावर ते समोरून, बाजूने आणि मागून कसे दिसते, त्याची उंची त्याच्या डोक्याच्या किती पट, हे दाखवणारा ‘मॉडेल शीट’ नावाचा तक्ता तयार होतो आणि सगळे अ‍ॅनिमेटर त्याबरहुकूम चित्रे काढतात. त्या तक्त्याला ‘पात्राचे संकल्पचित्र’ म्हटले, तर वडिलांनाही ते पटावे.