उंदराच्या पंजाची सूज आणि आईचा आमवात

प्रश्न : माझ्या आईला आमवात आहे. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घेण्यासाठी मेथोट्रेक्सेट दिले आहे. निर्गुडीच्या पानांच्या अर्काने उंदरांची सूज ६० टक्क्यांनी उतरली, असे एका शोधनिबंधात वाचले. गोळी थांबवून निर्गुडीचा काढा द्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी कृपया थांबवू नका. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि उपचारात खंड पडून हाडाची व कूर्चेची झीज झाली, तर ती सहसा भरून येत नाही.

टक्केवारीतला असा निष्कर्ष बहुधा कॅराजिनन चाचणीचा असतो. ही चाचणी १९६२ पासून रूढ आहे. लाल समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या कॅराजिननचे एक टक्का द्रावण, जेमतेम ०.१ मिलिलिटर, उंदराच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचतात. घोट्यापाशी शाईची खूण करून पंजा त्या खुणेपर्यंत द्रवात बुडवतात आणि द्रव किती सरकला त्यावरून सूज मोजतात. अर्क न दिलेल्या उंदरांचा पंजा ०.८० मिलिलिटरने आणि अर्क दिलेल्यांचा ०.३२ मिलिलिटरने फुगला, की ‘६० टक्के घट’ असे लिहिले जाते. ही सूज अवघ्या काही तासांची असते. ती शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांमुळे, म्हणजे आधी हिस्टामिन व सेरोटोनिनमुळे आणि नंतर मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनमुळे, येते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीनेही ती उतरते, परंतु डायक्लोफेनॅकने आमवातातली सांध्यांची झीज थांबत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमवाताशी अधिक साम्य असलेली चाचणी फ्रॉइंडच्या अ‍ॅडजुव्हंटची, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या मिश्रणाची. तीत मारलेले क्षयजंतू तेलात मिसळून टोचतात आणि साधारण दहा-बारा दिवसांनी न टोचलेल्या पायांचे सांधेही सुजू लागतात. असा निबंध वाचताना अर्क कोणत्या दिवसापासून दिला, हे अवश्य पाहावे. पहिल्याच दिवसापासून दिला असेल, तर जडलेला आजार त्याने आटोक्यात येतो असे त्यावरून म्हणता येत नाही.

मात्रेचाही हिशेब करून पाहा. उंदराला दिलेली प्रतिकिलो २०० मिलिग्रॅमची मात्रा माणसासाठी ढोबळमानाने ६.२ ने भागली, तर ६० किलो वजनाच्या व्यक्तीला रोज सुमारे १.९ ग्रॅम अर्क लागेल. वाळलेल्या पानांतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तरी ती १९ ग्रॅम पाने होतात. शिवाय प्रयोगातला अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि त्यात उतरणारी सर्व द्रव्ये पाण्याच्या काढ्यात उतरत नाहीत.

मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताची व रक्ताची तपासणी नियमित करावी लागते, म्हणून कोणताही काढा डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय पोटात देऊ नये. त्वचा शाबूत असेल, तर निर्गुडीच्या पानांच्या सोसवेल अशा शेकाला सहसा हरकत नसते.

प्रश्न : सांधेदुखीवर वापरल्या जाणाऱ्या शल्लकीची (सालईच्या डिंकाची) माणसांवर चाचणी झाली आहे का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : होय, आणि तीही नागपुरात. गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांवरील ही चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. शल्लकीच्या अर्काने वेदना कमी झाल्या व चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक दिसला नाही. रुग्ण थोडे असले, तरी निम्म्यांना औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल देऊन तुलना केल्यामुळे ही चाचणी मला मोलाची वाटते. तिचे निष्कर्ष झिजेच्या संधिवातापुरते आहेत. आमवाताला ते लावू नयेत.